बकरी अडली तर ओढू नका, आधी बघा



कापूस वेचणीचे दिवस आणि बकऱ्या जनायचे दिवस आपल्याकडे बरेचदा एकदमच येतात. पावसाळ्याच्या तोंडावर फळलेली बकरी साधारण १५० दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात जनते. तेव्हा आपण वावरात असतो आणि बकरी घरी एकटीच बांधलेली असते.

मागच्या वर्षी घाटंजी तालुक्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. ज्या ताईंच्या घरी बैठक होती, त्यांची पाट पहिल्यांदाच जनत होती. सकाळपासून कळा देत होती. पिल्लाचा एकच पाय बाहेर दिसत होता. शेजारच्या दादांनी तो धरून जोरात ओढला. पिल्लू मेलेलंच निघालं आणि बकरीचं अंग बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी बकरीही गेली. गटातून घेतलेल्या कर्जाचे तेव्हा दोनच हप्ते फिटले होते.

दादा मदतीलाच धावले होते. काय करायचं हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. मी नुसती उभी होते. त्यानंतर पशुवैद्यकीय डॉक्टर आणि पशुसखी यांच्याकडून जे शिकले, ते तुम्हाला सांगते. मेंढी असली तरी हेच लागू.

जवळ आली हे कसं ओळखायचं?

कास भरते. शेपटीच्या मुळाजवळची जागा सैल पडून खोलगट दिसते. बकरी कळपापासून बाजूला जाते, पायाने जमीन उकरते, सारखी उठते-बसते. चिकट स्राव दिसतो. आता तिला कोरड्या, स्वच्छ जागी ठेवा आणि दुरून लक्ष द्या. बहुतेक बकऱ्या आपल्या आपणच मोकळ्या होतात. गर्दी करू नका.

घड्याळ बघा

जोराच्या कळा सुरू झाल्या किंवा पाणमोट फुटली की वेळ लक्षात ठेवा. अर्धा तास झाला तरी पिल्लू पुढे सरकत नसेल, तर बकरी अडली आहे. तेव्हाच फोन करा. संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. एक पिल्लू झाल्यावरही लक्ष असू द्या, कारण बकरीला बरेचदा जुळं असतं.

काय दिसतं ते बघा

● दोन पाय, तळवे खाली आणि पायांवर टेकलेलं तोंड: पिल्लू सरळ आहे.
● दोन पाय, पण तळवे वर: बहुतेक मागचे पाय आहेत. पिल्लू उलटं असलं तरी येऊ शकतं, पण अडकून राहिलं तर आत गुदमरतं. लगेच फोन करा.
● एकच पाय, नुसतं डोकं, नुसती शेपटी किंवा तीन पाय: ओढायचं नाही. पिल्लू आधी आत सरकवून सरळ करावं लागतं. ते काम डॉक्टरांचं.

हात लावायचाच तर

पिल्लू सरळ आहे, पण बकरी थकली आहे, तेवढ्याच वेळी. नखं कापा, बांगड्या-अंगठ्या काढा, हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, हातमोजे घाला. दोन्ही पाय धरून बकरी कळ देईल तेव्हाच, हळूहळू खालच्या दिशेने ओढा. कळ थांबली की आपणही थांबायचं. कुणाच्या सांगण्यावरून कळांचं इंजेक्शन देऊ नका. पिल्लू आडवं असेल तर त्याने पिशवी फाटू शकते.

पिल्लू आल्यावर

नाका-तोंडातला चिकटा पुसा. श्वास घेत नसेल तर कोरड्या कापडाने अंग जोरात चोळा, नाकात गवताची काडी फिरवा. नाळ दोन-तीन बोटं ठेवून स्वच्छ दोऱ्याने बांधा, नव्या ब्लेडने कापा आणि टिंक्चर आयोडीन लावा. शेण, राख, हळद नको. मग बकरीला पिल्लू चाटू द्या.

आता सगळ्यात मोठी चूक. "वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही" असं आपल्याकडे म्हणतात. हे चुकीचं आहे. पहिल्या तासाच्या आत चीक पाजा. रोगाशी लढायची ताकद पिल्लाला त्यातूनच मिळते. दोन किलोच्या पिल्लाला पहिल्या २४ तासांत साधारण २०० मिली चीक लागतो, तोही थोडा थोडा. शिवाय पिल्लू पिऊ लागलं की वार पडायलाही मदत होते.

वार ओढू नका, तिला दगड बांधू नका. १२ तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. पडलेली वार कुत्र्यांच्या हाती लागू न देता खोल पुरा.

पोटुशी असलेल्या ताईंनी लांब राहावं

बकरी जनताना किंवा गाभडली असताना गरोदर ताईंनी तिथे हात लावू नये. वार आणि त्या पाण्यातून काही रोग माणसाला होतात, पोटातल्या बाळालाही धोका असतो. बाकीच्यांनीही उघड्या हाताने वार किंवा मेलेलं पिल्लू उचलू नये.

या बैठकीत एवढं करा

१. बकरी फळवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पाच महिन्यांनंतरच्या तारखेवर खूण करा.
२. पशुसखी, जवळच्या दवाखान्याचे डॉक्टर आणि १९६२ हा टोल फ्री नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, घरच्यांनाही दाखवा.
३. हातमोजे, साबण, नवं ब्लेड, दोरा, टिंक्चर आयोडीन आणि स्वच्छ कापड एका डब्यात भरून गटाकडे ठेवा. खर्च वाटून घ्या.
४. वेचणीच्या दिवसांत कुणाची बकरी जवळ आली असेल तर तिच्यावर कोण लक्ष ठेवणार, हे आधीच ठरवा. घरी राहणारी एखादी आजी तयार असेल तर तिला वरच्या खुणा समजावून सांगा.

त्या ताईंच्या गटाने आता असा डबा केला आहे. तो त्यांच्याच घरी ठेवला आहे. त्यांनीच मागून घेतला.

तुमची,
क्षेत्र समन्वयक