पुरुषांची चळवळ कशासाठीं?

स्त्री-पुरुष समतेसाठीं पुरुषांनीं आपली निराळी चळवळ उभारावी काय, असा प्रश्न निघाला म्हणजे दोन प्रकारचीं उत्तरें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, ज्यांच्या हातीं सत्ता आहे त्यांस चळवळ कशाला हवी? दुसरा म्हणतो, स्त्रियांचा कैवार पुष्कळ झाला. आतां आमचा घ्या. आमच्या मतें दोघेही चुकतात.

मुंबईंतील एक जुनी हकीकत वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. सन १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें तेथील नाभिकांनीं विधवांचें केशवपन करण्याचें नाकारलें. त्यांनीं विधवांस उपदेश केला नाहीं, कीं त्यांच्यावर उपकाराची भाषा केली नाहीं. अन्याय आपल्याच हातून घडतो हें ओळखून त्यांनीं वस्तरा खालीं ठेविला व मजुरीवर पाणी सोडलें. पुरुषांची चळवळ म्हणतात ती हीच.

केशवपनाची चाल आतां गेली. पण आमच्या हातांतील वस्तरा गेला काय? सन २०१९ च्या सरकारी पाहणींत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं रोज सरासरी २९९ मिनिटें त्यांत जात असल्याचें आढळलें. घरकाम करणाऱ्या पुरुषांचीं ९७. शिवाय सुमारें तीनचतुर्थांश पुरुषांनीं त्या दिवशीं घरकामास हातही लाविला नव्हता! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा ३७.९ जणींनीं संततिनियमनाची शस्त्रक्रिया स्वतः करून घेतलेली होती; पतीनें ती करून घेतल्याचें प्रमाण शेंकडा ०.३. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची. हा हिशेब कोणत्या न्यायाचा?

पुरुषांसही दुःखें आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. मिळवतेपणाचा सारा भार एकट्यानें वाहावा, डोळ्यांत पाणी आणूं नये, हें त्यांस लहानपणापासून शिकविलें जातें. परंतु हें ओझें स्त्रियांनीं लादलेलें नाहीं. ज्या मर्दपणाच्या कल्पनेनें पत्नी दासी होते, त्याच कल्पनेनें पतीही जखडला जातो. म्हणून स्त्रियांविरुद्ध उभी केलेली चळवळ ही समतेची चळवळ नव्हे. मुंबईंत १९९३ सालीं कांहीं पुरुषांनीं ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ ही संस्था काढली, ती पुरुषांच्या हातून होणाऱ्या अत्याचाराविरुद्ध. तोच मार्ग योग्य होय.

मात्र एक सावधगिरी हवी. स्त्रियांनीं कष्टानें मिळविलेलें व्यासपीठ पुरुषांनीं बळकावूं नये. आमचें कार्यक्षेत्र सभागृहांत नसून स्वयंपाकघरांत, दुकानाच्या गादीवर व मित्रांच्या बैठकींत आहे. स्त्रीची टवाळी चालली असतां तेथें गप्प न बसणें, हेंही चळवळीचेंच काम.

आमचे व्यापारी वाचक पाडव्यास नवी वही घालतात. त्या दिवशीं घराचाही जमाखर्च मांडून पाहावा. शेवटीं कोण जेवतें, घर कोणाच्या नांवावर आहे, आजाऱ्यापाशीं रात्रभर कोण जागतें? बाकी कोणाकडे निघते हें कळल्यावर देणें फेडण्यास पुढाऱ्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.