सांडलेला रंग, कोरलेलं लाकूड

लाकडाचं आणि सांडलेल्या रंगाचं मुळातच जमत नाही. ठोकळ्यावर पटाशी चालवली की कड उमटते आणि कड उमटली की आकार ठाम होतो. वाहत गेलेला, कडेला विरत जाणारा रंग लाकडातून काढणं म्हणजे त्याला स्वभावाविरुद्ध वागायला लावणं. मी स्वतः लाकडात काम करते, तेही काटकसरीचं. फर्निचरवाल्याकडचं उरलंसुरलं प्लायवूड, छापखान्याची शाई आणि प्रेस मोकळा नसेल तर कागद घासायला चमच्याची पाठ. म्हणून हेलन फ्रँकेन्थेलरची चित्रं पाहून कुणी ‘रंग सांडला नि झालं चित्र’ म्हणालं, तर मी तिच्या कॅनव्हासवरून वाद घालत बसत नाही. तिचे काष्ठछाप दाखवते.

हेलनचा जन्म 1928 चा, न्यूयॉर्कमधला. वडील न्यायाधीश, घर सुखवस्तू. शाळेत मेक्सिकन चित्रकार रुफिनो तामायो शिकवायला होते, पुढे बेनिंग्टन कॉलेजात पॉल फीली. घरच्या सुबत्तेचा उल्लेख मी मुद्दाम करते. सात फूट बाय दहा फूट कापड जमिनीवर पसरून त्यावर रंग ओतून पाहण्याची चैन विशीतल्या प्रत्येक चित्रकाराला परवडत नाही. पण पैसा असलेले पुष्कळ होते आणि असं चित्र मात्र तिनंच केलं, हेही खरं.

ते चित्र म्हणजे ‘माउंटन्स अँड सी’. तारीख 26 ऑक्टोबर 1952. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर तिनं जलरंगात निसर्गचित्रं केली होती. न्यूयॉर्कला परतल्यावर तिनं मोठं सुती कॅनव्हास जमिनीवर अंथरलं, कोळशानं थोड्या रेघा ओढल्या आणि टर्पेंटाइन घालून पाण्यासारखा पातळ केलेला तैलरंग त्यावर ओतला. जमिनीवर कापड अंथरणं चित्रकार जॅक्सन पोलॉकचं, ते तिनं पाहिलेलं होतं. पण पोलॉकचा रंग धारांनी, थेंबांनी कापडावर साचतो. हेलननं कापडाला अस्तराचा हात दिलाच नव्हता. त्यामुळे सुती पातळावर हळदीचा डाग जसा धाग्यात उतरतो, तसा तिचा रंग कापडात उतरला. वर थर असा उरलाच नाही. निळा, गुलाबी, फिकट हिरवा असे डाग दिसतात. समुद्र आणि डोंगर त्यात आहेत म्हटलं तर आहेत.

1953 च्या वसंतात समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग मॉरिस लुई आणि केनेथ नोलँड या वॉशिंग्टनच्या दोन चित्रकारांना तिच्या स्टुडिओत घेऊन आले. दोघांनी हे चित्र पाहिलं आणि परत जाऊन आपापल्या कामाची दिशा बदलली. पुढे ज्याला ‘कलर फील्ड’ म्हणू लागले, त्या अमेरिकन चित्रकलेची एक मोठी शाखा इथून फुटते. त्यात आकृती नाही, गोष्ट नाही. रंगाचे विस्तीर्ण पट्टेच चित्राचा सगळा भार उचलतात. आपल्याकडे ‘कलर फील्ड’चं नाव निघालं की लोकांना वासुदेव गायतोंडे आठवतात. ते 1964 मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले होते, हेही खरंच. पण गायतोंडे थर चढवत, खरवडत, रोलर फिरवत पृष्ठभाग घडवायचे. हेलनला पृष्ठभागच नको होता.

या पद्धतीची एक किंमत होती. अस्तर नसलेल्या कापडात तैलरंग गेला की त्यातलं तेल डागाभोवती पिवळट वलय सोडतं आणि कालांतराने धागा कमकुवत करतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती अॅक्रिलिककडे वळली, ते पाण्यात पातळ होत असल्यामुळे ही अडचण सुटली. 1966 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात तिची चित्रं लागली, 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. मानसन्मानांची यादी पुढेही लांबते. मला त्यात रस कमी.

मला रस आहे तो 1961 पासूनच्या कामात. लाँग आयलंडवर तात्याना ग्रॉसमन या बाईंची छपाईची कार्यशाळा होती, युनिव्हर्सल लिमिटेड आर्ट एडिशन्स. नामवंत चित्रकारांना बोलावून त्या त्यांना शिळाछापाला बसवत. हेलनचा पहिला शिळाछाप तिथलाच, नाव ‘फर्स्ट स्टोन’. इथे वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. मुद्राचित्र म्हणजे तयार चित्राचा फोटो काढून मारलेल्या प्रती नव्हेत. चित्रकार दगडावर, धातूच्या पत्र्यावर किंवा लाकडावर काम करतो आणि कागदावर छाप उमटतो तेव्हाच ते चित्र पहिल्यांदा जन्मतं. ठरावीक छाप काढून त्यांवर क्रमांक आणि सही पडते. त्यांतला प्रत्येक छाप अस्सल असतो.

शिळाछाप चित्रकाराला सोयीचा. तेलकट शाईनं दगडावर थेट ब्रश चालवता येतो आणि पातळ फटकाराही उमटतो. हेलनचे शिळाछाप चांगले आहेत, पण तिच्या कॅनव्हासांपुढे ते मला वहीतल्या टिपणांसारखे वाटतात. खरी मजा ती 1973 मध्ये लाकडाकडे वळली तेव्हा सुरू होते.

‘ईस्ट अँड बियाँड’ हा तिचा पहिला काष्ठछाप. तिनं पारंपरिक खोदकाम केलंच नाही. प्लायवूडमधून जिगसॉनं आकार कापून काढले, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग लावला आणि ते छापले. लाकूड कापून तुकडे वेगळे रंगवण्याची युक्ती चित्रकार एडवर्ड मुंकनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच वापरली होती. पण मुंकच्या छापांत दोन तुकड्यांमधली करवतीची फट पांढरी रेघ होऊन दिसते. हेलनला ती रेघ नको होती. रंगाला रंग भिडायला हवा होता. प्लायवूडवर करवत चालवणाऱ्याला विचारा, पापुद्रा न उडवता वळण घेणं किती जिकिरीचं असतं. शिवाय गुळगुळीत पृष्ठभाग तिला मान्य नव्हता. हाती येईल त्या टोकदार हत्यारानं आणि पॉलिश पेपरनं ती लाकूड खरवडायची, म्हणजे लाकडाच्या रेषा रंगातून वर येतात.

1977 मध्ये ती केनेथ टायलरच्या छपाईच्या कार्यशाळेत काम करत होती. बाहेर तुतीचं झाड होतं. त्याच्या फळांच्या रसाचा रंग तिला मोहवून गेला आणि त्यातून ‘एसेन्स मलबेरी’ झालं. वर तुतीचा जांभळट लाल, खाली हातकागदाचा मोठा रिकामा भाग. तिच्या सगळ्या छापांत मी एकच निवडायचा म्हटलं तर हा निवडीन. रिकामा कागद इतका बोलका ठेवायला धीर लागतो. आम्ही बहुतेक जण शाई लावलेला रोलर हातात आला की कोपरे भरून टाकतो.

यापुढची पायरी जपानची. ‘सीडर हिल’ हा 1983 चा काष्ठछाप क्योटोच्या तदाशी तोदा यांनी छापला. आमची छपाईची शाई तेलाची असते आणि ती कागदावर बसते. जपानी पद्धतीत पाण्यात कालवलेला रंग ब्रशनं लाकडावर लावतात, ओलसर कागद त्यावर ठेवतात आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या ‘बारेन’ नावाच्या गोल गादीनं पाठीमागून घासतात. रंग कागदाच्या तंतूंत जिरतो. म्हणजे 1952 मध्ये हेलननं कापडावर जे केलं, ते जपानी छपाईवाले लाकडातून पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. तिला लाकडाच्या स्वभावाशी इतकं झगडायला लागलं, याचं अर्धं कारण शाई होती असं माझं मत आहे.

नंतरच्या दोन मोठ्या कामांत हे सगळं एकत्र येतं. 1998 ची ‘टेल्स ऑफ गेन्जी’ ही सहा छापांची मालिका आणि 2000 सालचं ‘मादाम बटरफ्लाय’. दोन्ही टायलरच्या कार्यशाळेत झाली, दोन्हींत जपानी काष्ठछापाच्या परंपरेत तयार झालेले कारागीर यासुयुकी शिबाता होते. ‘गेन्जी’साठी हेलननं लाकडाच्या फळ्यांवरच रंगवून दिलं, म्हणजे रंग लाकडाच्या रेषांवर कसा पसरतो ते कोरणाऱ्याला समोर दिसावं. ‘मादाम बटरफ्लाय’ तीन कागदांवर शेजारीशेजारी पसरलेलं आहे, रुंदी दोन मीटरच्या आसपास. मधोमध पांढुरका फटकारा, भोवती ढगाळ रंग. एका झटक्यात सांडल्यासारखं दिसतं. त्यासाठी लाकडाचे 46 ठोकळे आणि 102 रंग लागले. प्रत्येक रंग छापताना कागद अचूक जागी यावा लागतो आणि ओला हातकागद तर ताणतो, आकसतो. एक रंग केसभर सरकला तरी तो छाप बाद.

चांगलं चित्र एकाच क्षणी घडल्यासारखं दिसायला हवं, असं हेलन म्हणत असे. कॅनव्हासवर तो क्षण निदान काही अंशी खरा असतो. लाकडात तो पूर्णपणे रचलेला असतो, तोही अनेकांच्या हातांनी. मग हे चित्र कुणाचं? रंग कुठे थांबायचा, कुठला छाप नाकारायचा आणि पुन्हा पुन्हा काढायला लावायचा, हे तिनं ठरवलं, म्हणून चित्र तिचंच. पण शिबाता आणि तोदा ही नावं तिच्या नावाच्या खालोखाल मोठ्या अक्षरात यायला हवीत. जपानी काष्ठछापांची पुस्तकं होकुसाईचं नाव सांगतात आणि कोरणाऱ्याला तळटीपही देत नाहीत, ती चूक पुन्हा नको.

हेलन 27 डिसेंबर 2011 रोजी कनेटिकटमध्ये गेली, 83 व्या वर्षी. ‘माउंटन्स अँड सी’ बरीच वर्षं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत राहिलं आहे. छापांसाठी मात्र मी कॅनबेराचं नाव सुचवीन. तिथल्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियात टायलरच्या कार्यशाळेतल्या कामांचा मोठा संग्रह आहे. मुलांकडे, नातवंडांकडे ऑस्ट्रेलियाला जाणारे पुष्कळ वाचक असतील. जाण्याआधी गॅलरीला विचारून घ्या, कारण उजेडानं रंग उडतो म्हणून कागदावरची कामं कायम भिंतीवर ठेवत नाहीत.