जुना चौकोनी मॉनिटर भंगारात देऊ नका, लॅपटॉपला जोडा. घरीच होतील दोन पडदे

परभणी : मागच्या खरिपात पीक विम्याचा फॉर्म मी घरीच लॅपटॉपवर भरत होतो. एका विंडोत सातबारा, दुसऱ्या विंडोत फॉर्म. सारखं इकडून तिकडं करताना गट नंबर ११२ चा १२१ झाला. बायकोच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर पुढं दावाच अडकला असता. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झालाय. सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, कापसाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आपल्या खिशातून जातो. चूक परवडत नाही.

मग माळ्यावरचा १७ इंची मॉनिटर खाली काढला. त्याला निळ्या पिनची व्हीजीए केबल आणि लॅपटॉपला एचडीएमआय, म्हणून मध्ये कन्व्हर्टर लागतो. दुकानात स्पष्ट सांगा, 'लॅपटॉपची एचडीएमआय, मॉनिटरची व्हीजीए'. उलट्या दिशेचाही कन्व्हर्टर येतो. दिसायला तसाच, पण चालत नाही. मला आधी तोच मिळाला होता, एक चक्कर फुकट गेली.

जोडल्यावर कीबोर्डवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, 'एक्सटेंड' निवडा. 'डुप्लिकेट' घेतलं तर दोन्हीकडं एकच चित्र दिसतं, त्याचा इथं उपयोग नाही.

आता खरी अडचण. दोन्ही पडदे एका मापाचे नसतात. उंच बैलाशेजारी ठेंगणा जुंपल्यासारखं होतं. चौकोनी मॉनिटर बहुधा १२८० बाय १०२४ चा, लॅपटॉप १९२० बाय १०८० चा. त्यामुळं लॅपटॉपवर अक्षर बारीक, मॉनिटरवर ठसठशीत. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपचं 'स्केल' १२५ किंवा १५० करा, मॉनिटरचं १०० राहू द्या. रिझोल्यूशन मात्र ज्याचं त्याला, 'रेकमेंडेड' लिहिलेलंच ठेवा. नाहीतर अक्षरं फुसकट दिसतात.

तिथंच १ आणि २ नंबरचे चौकोन दिसतील. टेबलावर मॉनिटर डावीकडं असेल तर त्याचा चौकोन ओढून डावीकडं न्या, नाहीतर माऊस काठाला अडतो. एवढं करूनही खाली किंवा वर थोडा अडतोच, कारण एक पडदा बुटका आहे. रंग तर जुळतच नाहीत. बातमीचे फोटो मी लॅपटॉपवरच बघतो, जुन्या मॉनिटरवर हिरवी तूरसुद्धा पिवळी दिसते.

मॉनिटर अंगानं उंच, म्हणून सातबाऱ्याचं उभं पान त्यावर बरं बसतं. फॉर्म लॅपटॉपवर ठेवा. आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही. लाईट गेली की मॉनिटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, भरलेला फॉर्म समोरच असतो. कधी कधी सातबाऱ्याची विंडो बंद मॉनिटरवरच अडकून बसते. तेव्हा परत विंडोज आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' करा, ती लॅपटॉपवर येते.