नक्षत्रे तीच, पाऊस मात्र वेगळा

'मृगाचा पेरा' आणि 'हस्ताचा पाऊस' हे शब्द शहरात आता दिनदर्शिकेच्या मागच्या पानापुरते उरले आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र ७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्र लागले की गावाचे वेळापत्रक सुरू होत असे. बियाणे केव्हा भरायचे, उधारी केव्हा फेडायची, लग्ने केव्हापर्यंत उरकायची, हे सारे त्यावर ठरे. पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणणाऱ्या या पद्धतीत शास्त्र किती, हा वाद जुनाच आहे. पण साऱ्या गावाला ठाऊक असलेली ती एक सामाईक मुदत होती.

हवामान बदलाचा धक्का बसला आहे तो या मुदतीला. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे रोजी, म्हणजे सर्वसाधारण तारखेच्या तब्बल १६ दिवस आधी दाखल झाला. हवामान विभागाने २०२० मध्ये नव्या नोंदींच्या आधारे तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीखही २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली.

हस्ताचे उदाहरण बोलके आहे. सप्टेंबरअखेरीस लागणारे हे नक्षत्र रब्बीच्या ज्वारीला ओल देणारे. भोंडल्यात मुली पाटावर हत्ती काढून फेर धरतात, तो याच हस्ताचा. आज मराठवाड्यात त्याच सुमारास सोयाबीन काढणीला आलेले असते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ते शेतातच कुजले, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या. अर्थात, सारा दोष आभाळाला देता येणार नाही. पीक बदलले, तेव्हाच जुना हस्त परका झाला होता.

पेरणीचा दिवस सांगण्याचा घरातील वडीलधाऱ्यांचा मानही त्याबरोबर ओसरला. त्यांची जागा आता मोबाइलवरील संदेशाने घेतली आहे. किमान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. तो योग्यच आहे. पण मे महिन्यात धो धो कोसळून जूनमध्ये पाऊस दडी मारतो, तेव्हा हा सल्लाही अपुरा पडतो. विहीर असलेला शेतकरी कोमेजणारे कोंब पाणी देऊन जगवतो. कोरडवाहू शेतकऱ्यावर मात्र दुबार पेरणीची वेळ येते आणि त्यासाठी बहुधा घरातील बाईच्या अंगावरचे सोने गहाण पडते.