प्रवाळांचे मोजमाप : छायाचित्रांतून त्रिमिती प्रतिमान

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथील कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मात्र प्रवाळांची हानी नौकांच्या नांगरांनी किती झाली, जाळ्यांनी किती आणि तापलेल्या पाण्याने किती, हे कळल्याशिवाय निर्बंधांचा भार मच्छीमारांवर टाकावा की पर्यटन व्यावसायिकांवर, हे न्याय्य रीतीने ठरविता येत नाही.

तळाशी दोरी आखून तिच्याखालील प्रवाळांची नोंद करणे, ही पाणबुड्यांची रूढ पद्धत. तीत व्याप्ती कळते. उंचसखलपणा, ज्याच्या आश्रयाने मासे राहतात, तो निसटतो. छायाचित्रमिती ही उणीव भरून काढते. एकाच भागाची एकमेकांवर बरीचशी येणारी शेकडो छायाचित्रे निरनिराळ्या कोनांतून घेतली जातात. एकच बिंदू अनेक चित्रांत कोठे दिसतो, हे संगणक शोधतो आणि त्या दिशारेषांच्या छेदावरून बिंदूचे स्थान काढतो. १८०२ साली सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे तत्त्व हेच होय. फरक इतकाच की, येथे कॅमेऱ्याची स्थानेही गणितातूनच काढावी लागतात. केवळ छायाचित्रांवरून खरा आकार मात्र कळत नाही. त्यासाठी ज्ञात लांबीची पट्टी तळाशी ठेवतात.

पाण्यात अडचणी वाढतात. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्याने काचेतून येताना किरण वळतात. म्हणून कॅमेऱ्याचे अंशांकन पाण्यातच करणे इष्ट. तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. डुलणारे शेवाळ व मासे संगणकाची फसगत करतात. कोकणातील गढूळ पाण्यात, विशेषतः पावसाळ्यात, ही पद्धत निरुपयोगीच ठरते. ध्वनिलहरींवर चालणारे सोनार तेथे पोहोचते, परंतु जिवंत व मृत प्रवाळांतील रंगभेद त्याला दिसत नाही.

उपकरणांपेक्षा प्रशिक्षित मनुष्यबळ आणि सातत्य यांवरच खरा खर्च होतो, असे माझे मत आहे. एकदाच केलेले प्रतिमान शोभेचे. तळाशी कायम खुणा रोवून दरवर्षी तेच क्षेत्र टिपले, तरच दोन वर्षांची वजाबाकी करता येते. त्यातही जेथे नौका थांबत नाहीत असे एखादे क्षेत्र तुलनेसाठी हवे. उष्णतेने होणारे विरंजन दोन्हीकडे दिसेल, नांगराने तुटलेल्या फांद्या केवळ नौकातळाशीच आढळतील.