नाणं खोटं, संगीत खणखणीत

आमच्या लिंबायतच्या घरात रविवारची दुपार पिक्चरची असते. मागच्या महिन्यात आप्पांनी फर्माईश केली, "खोटे सिक्के लाव." १९७४ चा हा चित्रपट त्यांनी धुळ्याला शाळा बुडवून पाहिला होता. मी लगेच टीव्हीवर लावला.

खरं सांगतो, माझी निराशा झाली. डाकूने छळलेलं गाव, त्याच्या रक्षणासाठी शहरातून आणलेले पाच भुरटे चोर आणि सूड घ्यायला निघालेला एकटा घोडेस्वार फिरोज खान. टोपी आणि रुबाब थेट क्लिंट ईस्टवूडचा. पुढे काय होणार ते अर्ध्या तासात कळलं. डाकू झालेले अजित आणि तरुण डॅनी यांच्यामुळे थोडी मजा येते, एवढंच.

पण फिरोज खानच्या घोड्याबरोबर किशोरकुमारचं गाणं सुरू झालं की मी फोन बाजूला ठेवायचो. भुसावळच्या पुढच्या खंडव्यात जन्मलेला हा गायक इथे फक्त गात नाही, पडद्यावरच्या गप्प माणसाचं मन बोलून दाखवतो. संगीत राहुलदेव बर्मन यांचं. त्यांच्या तालाची बाजू वर्षानुवर्षं सांभाळणारे मारुतीराव कीर आपले मराठी. पुढच्याच वर्षी 'शोले' आला, तेव्हा पंचमदांचा माळरानाच्या संगीताचा सराव झालेलाच होता!

अशा चित्रपटांना संगीतानेच तारण्याची रीत इटलीतली. तिथे कमी पैशात काढलेल्या काउबॉयपटांना गमतीने 'स्पॅगेटी वेस्टर्न' म्हणत. १९६४ साली सर्जिओ लिओनेच्या चित्रपटासाठी एन्नियो मोरिकोने यांनी शिट्टी, चाबकाचा आवाज आणि इलेक्ट्रिक गिटार वापरून नवाच बाज तयार केला. १९६६ चा 'नवाहो जो' तर त्याचा नायक बर्ट रेनॉल्ड्सलाही आवडला नव्हता. पण त्याचं मोरिकोनेंनी दिलेलं संगीत टॅरँटिनोने २००४ मध्ये 'किल बिल'च्या दुसऱ्या भागात पुन्हा वापरलं. चित्रपट मागे पडला, संगीत पुढे गेलं.

आप्पांचं मात्र वेगळंच चाललं होतं. गाण्यात मांडीवर अचूक ठेका, आणि संवाद आला की मला विचारणार, "काय म्हनस तो?" चार-पाच वेळा सांगून मी वैतागलो. "आप्पा, लक्ष द्या ना!" ते गप्प झाले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "पिच्चर ऱ्हाऊ दे. गानं परत लाव."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पांनी तीस वर्षं लूमच्या कारखान्यात काढली. सतत ८५ डेसिबलच्या वर आवाज असेल तर कानाला इजा होते, आणि आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. 'स', 'श', 'फ' अशी अक्षरं पुसट होतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. खालच्या पट्टीचा ठेका मात्र पोहोचतो. रोज कॉम्प्युटरवर आवाजाच्या फाइल्स हाताळणाऱ्या मला हे घरात दिसलं नव्हतं. आम्ही सगळे म्हणायचो, आप्पा हल्ली लक्षच देत नाहीत.

कानाची तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरचा आलेख दाखवला, उजवीकडे उतरत गेलेला. गेलेलं परत येत नाही, पण यंत्राने बोलणं पुष्कळ समजतं. आप्पा यंत्र लावायला अजून कुरकुर करतात. जेवताना लावतात, कारण नातीच्या गोष्टी ऐकायच्या असतात.

आपल्यापैकी कितीतरी घरांत लूमवर आयुष्य काढलेलं कोणी ना कोणी आहे. त्यांना एकदा कान तपासायला न्या. घरातलं कोणी आजही लूमवर असेल तर कानात घालायचे बोळे घेऊन द्या. आणि 'खोटे सिक्के' पाहणार असाल तर गोष्टीची फार अपेक्षा ठेवू नका, घोडा दिसला की आवाज तेवढा वाढवा.