वारा पडला की वीज जाते?

सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर वारा पडला की पवनचक्क्या थांबतात. त्यावरून अनेकांचा समज झाला आहे की असल्या बेभरवशाच्या विजेने ग्रिड कोसळेल. पण चढउतार सोसणे हे ग्रिडचे रोजचेच काम आहे. आपण सगळे मिळून वापरतो ती वीजही क्षणोक्षणी कमीजास्त होते आणि वारंवारता मात्र 50 हर्ट्झच्या आसपास राखावी लागते. 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊ वाजता देशभर दिवे मालवले गेले, तेव्हा काही मिनिटांत सुमारे 31 हजार मेगावॅट मागणी घटली. मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी ती घट सांभाळली आणि ग्रिड टिकले. सूर्यास्ताची वेळ तर आधीच ठाऊक असते! वाऱ्याचा अंदाजही पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांनी भार प्रेषण केंद्राला द्यावा लागतो.

‘जेवढी पवनचक्की, तेवढाच कोळसा राखीव’ हेही खरे नाही. सगळ्या पवनचक्क्या एकदम थांबत नाहीत. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते, नेमका तेव्हाच वारा जोरात असतो.

उलट बाजूचा गैरसमज मला जास्त घातक वाटतो: पॅनेल बसवत गेलो की झाले. तसे होत नाही. दुपारी वीज उतू जाते, तर दिवेलागणीला मागणी वाढत असताना सौर वीज शून्यावर येते. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखायची तर फक्त बॅटऱ्याच लागतात असेही नाही. अकोले तालुक्यातल्या घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज स्वस्त असते तेव्हा खालच्या जलाशयातले पाणी पंपांनी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचे. यात साधारण पाव हिस्सा वीज खर्ची पडते, पण वाया जाणारी दुपारची वीज वाचत असेल तर हा सौदा परवडतो. सह्याद्रीच्या कड्यांसारखी उंची असलेल्या राज्याने हे काम रेंगाळू देऊ नये.

सगळीच वीज साठवावी लागते असेही नाही, काही वेळा मागणीच दुपारकडे सरकवता येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या सौर प्रकल्पातून शेतीपंपांना दिवसा वीज मिळते. रात्रपाळीच्या विजेसाठी साप-बिबट्याच्या भीतीत बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी दिवसाची ही वीज बेभरवशाची नाही, हक्काची आहे.